पोरावर हात नेमका कधी उठतो ते आधी शोधा, मग तो थांबवता येतो

आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असतं आणि त्यावर दुधाचे खाडे मांडायचं काम सासूबाईंचं. दोन वर्षांपूर्वी मी त्याच कालनिर्णयावर गुपचूप लाल पेनानं टिंबं द्यायला लागले, ज्या दिवशी माझा हात पोरावर उठला त्या दिवशी एक टिंब आणि शेजारी बारीक अक्षरात वेळ. महिनाअखेरीला सासूबाई हिशोबाला बसल्या आणि म्हणाल्या, "अगं, अकरा खाडे कसे? गवळी तर रोज येऊन गेलाय की." मग सांगावंच लागलं. मला वाटलं आता काहीतरी ऐकवतील, पण त्यांनी चष्मा लावून परत एकदा सगळा महिना बघितला आणि एवढंच म्हणाल्या, "बघ की, सगळी सात-साडेसातचीच हैत."

खरंच, अकरातली नऊ टिंबं संध्याकाळी सात ते साडेआठमधली होती. पोरगं तेव्हा दुसरीत, वांडपणा दिवसभर सारखाच, सकाळी बूट सापडेना म्हणून घर डोक्यावर घ्यायचं तेव्हा मी हसायचे आणि संध्याकाळी तोच बूट सापडेना झाला की पाठीत रट्टा. चूक तीच आणि पोरगंही तेच. फरक पडायचा तो माझ्यात, शिकवणीच्या दोन बॅचा संपवून, दुपारचा एक कप चहा पोटात, नळाला पाणी आलंय, कुकर लावायचाय आणि वर ह्याचा अभ्यास राहिलाय, अशा वेळी.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय की पोराला मार त्याच्या चुकीपेक्षा मोठ्या माणसाच्या वेळेमुळे जास्त पडतो. आणि वेळ बदलता येते. मी डॉक्टर नाही की वकील नाही, कोल्हापुरात मंगळवार पेठेत घरी प्राथमिकच्या पोरांच्या शिकवण्या घेते, पण वीस-पंचवीस पोरं रोज समोर बसतात तेव्हा कुणाच्या घरी काय चाललंय ते कळतंच, म्हणून जरा वाचलं, विचारलं, आणि जे उपयोगाचं वाटलं ते इथं क्रमानं लिहिते.

आधी, मारहाण कशाला म्हणायचं

आपल्याकडं धपाटा, रट्टा, फटका, चोप, मुस्काडात, तुडवणं असे मारायला भरपूर शब्द आहेत आणि शब्द हलका असला की मारही हलका वाटतो. पण हातानं मारणं, पट्टी-लाटणं-पट्टा-वायर घेऊन मारणं, लाथ घालणं, उलथन्याचा चटका देणं, मिरचीची धुरी देणं, बांधून ठेवणं, तान्ह्या बाळाला गदागदा हलवणं, तासभर कोंबडा करून किंवा उन्हात उभं करणं, हे सगळं शारीरिक छळातच येतं, मारणारा आई असो, बाप असो, काका, सर किंवा वस्ताद.

"एक चापट मारली तर बिघडतंय काय" हा वाद मी आता घालत नाही. मी एवढंच बघितलंय की चापटीची सवय पोराला पण होते आणि आपल्याला पण, मग तिचा परिणाम कमी होतो आणि हात पट्टीकडं जातो, पट्टीनंतर पट्टा. कोणताच बाप पहिल्या दिवशी पट्टा काढत नाही.

आणि "हे असलं झोपडपट्टीत होतं, आपल्यात नाही" असं वाटत असेल तर एक आकडा सांगते. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ मध्ये १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून अहवाल काढला होता, त्यात दर तीन मुलांपैकी दोघांनी मार खाल्लेला निघाला, आणि घरात मार खाणाऱ्यांपैकी ८८.६ टक्के मुलांना मारणारे आईवडीलच होते.

दुसरं, कारणं: हात का उठतो

सगळ्यात मोठं कारण, जे कुणी कबूल करत नाही, ते म्हणजे आपल्याला पोराच्या वयाचा अंदाजच नसतो. दोन वर्षाच्या पोराला खेळणं वाटून घेणं जमत नाही, ते आडवं पडून रडणारच, त्याच्या मेंदूची तेवढीच तयारी झालेली असते. पाच वर्षाच्या शंभर पोरांतली पंधराएक तरी रात्री अंथरूण ओलं करतात आणि ते मुद्दाम करत नाहीत, झोपेत कळतच नाही त्यांना. बालवाडीतल्या पोराची बोटं अक्षर गिरवायला नीट तयार नसतात आणि आपण "ळ" येईना म्हणून बोटावर पट्टी मारतो. जे पोराला जमणारच नाही ते पोरगं मुद्दाम टाळतंय असं आपल्याला वाटलं, की राग दुप्पट होतो.

तान्ह्या बाळाचं तर अजून वेगळं. जन्मल्यापासून रडणं वाढत जातं, साधारण सहाव्या आठवड्याला सगळ्यात जास्त असतं, दिवसाला दोन-तीन तास सुद्धा, आणि तीन-चार महिन्यांत आपोआप कमी होतं. हे बाळंतिणीला कुणी सांगतच नाही, उलट "दूध पुरत नसंल", "नजर लागली असंल" असं म्हणून तिलाच बोल. ती आधीच झोपेविना अर्धी झालेली. एका क्षणी ती किंवा बाप बाळाला दंडाला धरून जोरात हलवतात आणि त्यानं मेंदूत, डोळ्यांच्या पडद्यात रक्तस्राव होऊ शकतो, बाळ आंधळं होऊ शकतं, जाऊ पण शकतं, आणि अंगावर एक ओरखडा दिसत नाही.

मग आपलं स्वतःचं लहानपण. "आम्ही काय मार खाल्ला नाही काय, बिघडलो काय आम्ही?" हे प्रत्येक बाप म्हणतो. आपल्या कोल्हापुरात तर वस्तादाचा रट्टा अभिमानानं सांगायची पद्धत आहे. मार खाल्लेला प्रत्येक जण पुढं मारतोच असं मुळीच नाही, पण डोकं तापल्यावर दुसरं काय करायचं ते कधी बघितलेलंच नसतं, त्यामुळं हात तिथंच जातो.

पैसा, दारू आणि जागा ही तिन्ही कारणं एकत्रच येतात बहुतेक. इचलकरंजीत मागावर रात्रपाळी करून आलेला माणूस एका खोलीच्या घरात दिवसा झोपणार आणि त्याच खोलीत दोन पोरांनी आवाज न करता खेळायचं, हे कसं जमायचं सांगा. फौंड्रीत बारा तास काढून आलेला, हप्ता थकलेला, वाटेत थोडी घेतलेली, असा माणूस दारात आला की घरातली पोरं आधी त्याच्या चालण्यावरनं अंदाज घेतात. ऊसतोडीच्या कोपीत, म्हणजे खोपटात तर थोरलं पोरगं आठ वर्षाचं आणि त्याच्या कडेवर धाकटं, आईबाप पहाटेपासून फडात, धाकटं पडलं की मार थोरल्याला.

जिथं नवरा बायकोला मारतो तिथं पोरांना पण मार बसायची शक्यता बरीच जास्त असते. आणि ज्या पोरात काही वेगळं असतं, म्हणजे जास्त चंचल, स्वमग्न, बोलायला उशीर, अक्षरांत गोंधळ होतो असं, त्याच्या वाट्याला जास्तच येतं, कारण त्याला "आळशी" किंवा "हट्टी" हे नाव आधीच पडलेलं असतं. माझ्याकडं एक पोरगी यायची, "ब" आणि "क" मध्ये रोज गोंधळ, घरी रोज मार, शेवटी तपासणी झाली तर ती अध्ययन अक्षमता निघाली, म्हणजे लिहा-वाचायला शिकतानाच अडचण, आळस नव्हे. दोन वर्षं तिनं मार कशासाठी खाल्ला मग?

शेवटचं एक बारीकसं कारण, चारचौघं. रंकाळा तलावावर पोरगं भेळेसाठी लोळण घेतंय आणि लोक बघालेत, तिथं पडलेली चापट पोरासाठी नसतेच, ती बघणाऱ्यांसाठी असते.

तिसरं, टिंबं

आता काम सुरू करायचं. पंधरा दिवस फक्त टिंबं द्या, स्वतःला शिव्या न घालता. हात उठला, किंवा उठता उठता राहिला, तरी टिंब. शेजारी वेळ आणि एक शब्द: भूक, पाणी, अभ्यास, फोन, पाहुणे, काय असेल ते. दुधाच्या खाड्यात मिसळू नका, पेनाचा रंग वेगळा ठेवा म्हणजे आमच्यासारखा घोळ होणार नाही. नवरा-बायको दोघांनी केलं तर उत्तम, फक्त एकमेकांची टिंबं मोजायची नाहीत, त्यानं भांडण लागतं, अनुभव आहे.

पंधरा दिवसांनी बघा. एक ठरावीक तास किंवा एक ठरावीक विषय वर आलेला दिसेल.

चौथं, तो तास मोडून टाका

पोराला सुधारायचं नंतर बघू, आधी त्या तासातली गर्दी कमी करा. आम्ही केलं ते असं: अभ्यास संध्याकाळचा काढून सकाळी साडेसहाला नेला, वीसच मिनिटं. संध्याकाळी सहाला पोराला आणि मला, दोघांनाही पोटभर खायला, मग ते चुरमुरे-शेंगदाणे का असेनात. पाणी भरायचं काम नवऱ्यानं घेतलं. पाढे सासूबाईंकडं, त्यांना पावकी-निमकी अजून तोंडपाठ. पुढच्या महिन्यात टिंबं चार झाली. मी काही संत झाले नव्हते, फक्त खाऊन घेतलेलं होतं.

लाकडी पट्टी माळ्यावर टाकली. हसाल, पण हाताशी वस्तू नसली की ती शोधायला जे अर्धं मिनिट जातं त्यात राग अर्धा होतो.

घरातल्या मोठ्यांनी एक खुणेचं वाक्य ठरवा. आमच्यात नवरा म्हणतो, "गॅसवर काय ठेवलंयस का?" याचा अर्थ, तू आता बाहेर जा, पोराकडं मी बघतो. "मारू नकोस" असं पोरासमोर म्हटलं की माणूस अजून चिडतो, गॅसच्या वाक्यानं कुणाचा मान जात नाही. घरात दुसरं मोठं माणूस नसेल तर पोराला सुरक्षित जागी ठेवून आपण दाराबाहेर पायरीवर बसायचं, पाणी प्यायचं, शंभरपासून उलटे आकडे म्हणायचे. पोरगं पाच मिनिटं रडलं तर काही होत नाही.

तान्हं बाळ असेल तर हा नियम घरातल्या प्रत्येकाला, आजोबांना, मामाला, सांभाळणाऱ्या बाईला तोंडावर सांगून ठेवा: दूध झालं, लंगोट बघितला, ताप बघितला, कडेवर फिरवलं, तरी थांबेना आणि आपलं डोकं फिरायला लागलं, तर बाळाला पाठीवर, आजूबाजूला उशी-गोधडी नसलेल्या जागी ठेवायचं आणि पाच-दहा मिनिटं खोलीबाहेर जायचं, मग परत बघायचं. हलवायचं नाही, कितीही रडलं तरी. चुकून कुणी जोरात हलवलं असेल आणि बाळ सुस्त पडलं, उलट्या करायला लागलं, झटके आले, तर लाज सोडून लगेच दवाखाना आणि डॉक्टरांना खरं सांगायचं, "पडलं" म्हणून सांगितलं तर त्यांचा वेळ चुकीच्या तपासात जातो. बाळंतपणानंतर आईला सतत रडू येतंय, बाळाबद्दल काहीच वाटत नाही असं होत असेल तर तो आजार आहे, १४४१६ ही टेलीमानसची, म्हणजे मनाच्या आजारांसाठीची सरकारी फुकट हेल्पलाईन आहे, मराठीत बोलता येतं.

मग मारायचं नाही तर करायचं काय, हा प्रश्न येतोच. "पळू नको" ऐवजी "हळू चाल" म्हणा, पोराला काय करायचं ते कळतं. सांडलं तर त्यानंच पुसायचं, फेकलं तर ती वस्तू आजच्यापुरती कपाटात, शिक्षा चुकीला चिकटलेली आणि लहान. नीट वागलं तेव्हा बोलून दाखवा, आपण नीट वागण्याकडं ढुंकून बघत नाही आणि लोळण घेतली की सगळं घर जमतं, मग पोरगं हुशारच असतं ना. आणि हात उठलाच तर नंतर जवळ बसून "मी मारलं ते चुकलं" एवढंच म्हणायचं, पुढं "पण तू पण ना..." जोडायचं नाही. हे "पण" गिळायला मला सहा महिने लागले.

पाचवं, शेजारच्या पोराचं काय

आमच्या गल्लीत एक बाई आहे, पोराला रोज बडवायची. एकदा गच्चीवर कपडे वाळत घालताना विषय काढला तर म्हणाली, "काय करतो ओ वैनी, ऐकतच न्हाई, मग मारतो." नवरा दुसऱ्या गावाला, घरात अंथरुणाला खिळलेले सासरे, ती एकटी. मी काही उपदेश केला नाही, पोराला सहा ते आठ माझ्या शिकवणीत बसवून घेतलं, फी नको म्हटलं. तिचा तो तास मोकळा झाला आणि आवाज यायचा बंद झाला. सगळीकडं एवढं सोपं नसतं हे मला कळतं, पण बरीच घरं या टप्प्यावर असतात, तिथं पोलिसाच्या आधी शेजारीण पोचली तर काम होतं. एकटी आई, विधवा, गंभीर आजारी आईबाप अशा घरांसाठी सरकारची बालसंगोपन योजना आहे, मुलामागं महिन्याला २,२५० रुपये, अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात, ही माहिती सांगणं पण मदतच आहे.

पण काही खुणा दिसल्या की शेजारधर्म पुरत नाही. गुडघा, नडगी, कपाळ इथले डाग खेळून होतात. कान, मान, पोट, पाठ, मांड्यांचा मागचा भाग इथं काळंनिळं दिसलं तर विचार करायचा, आणि जे बाळ अजून रांगत पण नाही त्याच्या अंगावर कुठंही वळ असेल तर थांबायचंच नाही. वायर किंवा दोरी दुमडून मारली की घोड्याच्या नालेसारखा वळ उठतो. अंगावर चहा सांडला तर भाजलेलं वेडंवाकडं, शिंतोड्यासारखं असतं, मुद्दाम गरम पाण्यात बुडवलं की मोजा घातल्यासारखी सरळ रेघ. मेच्या उन्हात लांब बाह्या, शाळा सुटली तरी घरी जायचं नाव नाही, बाप आणि आई जखमेची वेगवेगळी गोष्ट सांगतात, मोडलेला हात तीन दिवसांनी दवाखान्यात, हे सगळं जोडून बघायचं.

घाई पण नको. आपल्याकडच्या बऱ्याच बाळांच्या ढुंगणावर, कमरेवर जन्मापासून निळसर डाग असतात, दुखत नाहीत, पोरगं थोडं मोठं झालं की बहुतेक जातात, तो मार नव्हे. काही पोरांना रक्ताच्या आजारानं पटकन काळंनिळं होतं. बिब्बा लावल्यानं पण भाजल्यासारखे फोड येतात, तिथं हेतू वाईट नसतो पण बाळाला दुखापत होतेच, ते थांबवायलाच पाहिजे. ठरवायचं काम डॉक्टरांचं, आपलं काम कळवायचं.

सहावं, पोरानं सांगितलं तर

आपण गप्प बसून ऐकायचं. "बापानंच मारलं ना?" असं उत्तर तोंडात द्यायचं नाही, "मग काय झालं?" एवढंच. तोंडावर धक्का दाखवायचा नाही. "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, पाळता येणार नाही, त्यापेक्षा "सांगितलंस ते बरं केलंस, ज्यांना मदत करता येते त्यांनाच सांगीन" म्हणा. परत परत सगळं वदवून घ्यायचं नाही. नंतर त्याचेच शब्द, तारीख, वेळ वहीत लिहून ठेवा. आणि तडक घरी जाऊन बापाला जाब विचारू नका, तुम्ही परत आल्यावर त्या घरात पोरगंच राहणार आहे.

सातवं, कायदा आणि फोन

बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम ७५ सांगतं की ज्याच्या ताब्यात मूल आहे त्यानंच मारहाण केली, छळ केला, दुर्लक्ष केलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख दंड किंवा दोन्ही, आणि मूल सांभाळायची जबाबदारी असलेल्या संस्थेतल्या माणसानं केलं तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड. शाळेत मारायला तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं सरळ बंदी आहे. "आम्हीच सरांना सांगितलंय, चामडी लोळवा" असं म्हणणारे पालक मला आजही भेटतात, तुम्ही परवानगी दिली म्हणून ते कायदेशीर होत नाही. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये इथं प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं तेव्हा पोरगं शाळेत न पाठवल्याबद्दल दंड बापाला ठेवला होता, पोराला नाही. शाळेतल्या माराची तक्रार लेखीच द्या, मुख्याध्यापक, मग शाळा व्यवस्थापन समिती, मग शिक्षण खात्याचे अधिकारी, आणि पोच घ्या.

मोबाईलवर मारहाणीचा व्हिडिओ काढला असेल तर तो पोलिसांना किंवा अशा मुलांचं पुढं काय करायचं ते ठरवणाऱ्या सरकारी बाल कल्याण समितीला द्या, ग्रुपवर टाकू नका. मुलाची ओळख जाहीर करणं हा कलम ७४ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि ते पोरगं उद्या त्याच शाळेत त्याच वर्गात बसणार असतं.

आत्ता, या क्षणी मार चालू असेल तर ११२, तातडीच्या मदतीचा नंबर. नाहीतर १०९८, मुलांसाठीची हेल्पलाईन, चोवीस तास, फुकट, मूल स्वतः पण लावू शकतं. तुमचं नाव सांगायचं नसेल तर तसं म्हणा. जखम असेल तर सीपीआरला, म्हणजे कोल्हापुरातल्या सरकारी दवाखान्यात नेता येतं, तिथं नोंद होते ती पुढं पुरावा म्हणून लागते. मुलाला ताब्यात घेतलं तर चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, बाल कल्याण समितीपुढं हजर करावं लागतं. "फोन केला की पोराला उचलून नेतात" ही भीती लोकांना फार असते, पण संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय असं कायद्यातच लिहिलंय, आधी घराला समज, समुपदेशन, आजी-मामाकडं सोय असं बघतात. गावात असाल तर ग्राम बाल संरक्षण समिती असते, सरपंच तिचे अध्यक्ष, अंगणवाडीच्या ताईंना विचारलं की कळतं.

फोनवर चार गोष्टी तयार ठेवा: मुलाचं अंदाजे वय, तुम्ही स्वतः काय बघितलं-ऐकलं, कधीपासून, आणि पत्ता. पत्त्याचं मुद्दाम सांगते, कारण माझी एकदा फजिती झालीय. आपण पत्ता सांगतो "तालमीच्या मागं, गणपती बसतो तिथनं आत, निळं दार". फोन उचलणारं माणूस कोल्हापूरचं असेलच असं नाही, त्याला कुठली तालीम आणि कुठला गणपती. पेठ, गल्ली, जवळची शाळा किंवा दवाखाना आणि पिनकोड कागदावर लिहून घ्या, मग नंबर फिरवा, आणि निळं दार शेवटी सांगा.